नवी डिस्क, जुनी सिस्टिम : दुरुस्ती की फॉरमॅट?

ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर क्लोन केली, काम शंभर टक्के पूर्ण झाल्याचा संदेश आला, डिस्क बदलली आणि संगणक सुरूच झाला नाही, हा प्रसंग दुरुस्तीच्या दुकानांत नेहमीचा आहे. पडद्यावर कधी ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ येते, कधी निळा पडदा येतो, तर कधी कंपनीचे बोधचिन्ह दिसून सगळे तिथेच थांबते. फाइली मात्र नव्या डिस्कवर शाबूत असतात. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली तर फोटो, हिशेब, पत्रव्यवहार सारे जागच्या जागी दिसते.

अशा वेळी काय करावे, यावर या कामातल्या लोकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बूट होत नाही याचा अर्थ कुठेतरी एक दुवा तुटला आहे. तो शोधून जोडावा. दुसरा म्हणतो, क्लोनच्या मागे लागूच नये. सिस्टिम नव्याने टाकावी आणि फक्त डेटा आणावा. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर ‘फॉरमॅट मारावा’. पुढील संवादातली पहिली बाजू रोज वेगवेगळ्या ग्राहकांची वेगवेगळी यंत्रे उघडणाऱ्या दुरुस्तीकाराची आहे. दुसरी, एकाच साच्यातले पुष्कळ संगणक सांभाळणाऱ्या कार्यालयीन सिस्टिम अ‍ॅडमिनची. मतभेदाचे निम्मे कारण या परिस्थितीतच आहे.

अ‍ॅडमिन : एका लॅपटॉपवर तुम्ही अख्खी दुपार घालवता, हे मला पटत नाही. एसएसडीवर विंडोज टाकायला अर्धा तास पुरतो. जुन्या सिस्टिममध्ये कित्येक वर्षांचा गाळ असतो : काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचे अवशेष, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर, कधीतरी शिरलेलं नको ते सॉफ्टवेअर. नवी डिस्क ही तो गाळ मागे सोडायची संधी असते. तुम्ही तोच उचलून नव्या डिस्कवर नेता आणि वर तो सुरू व्हावा म्हणून झटता.

दुरुस्तीकार : विंडोज अर्ध्या तासात येतं, मान्य. पण ग्राहकाला विंडोज नको असतं, त्याचं काम हवं असतं. छापखान्यातलं मशीन असेल तर त्यावर श्रीलिपीची जुनी आवृत्ती असते, त्या फॉन्टांत केलेल्या हजारो फाइली असतात आणि मूळ सीडी कुठे आहे ते मालकालाही ठाऊक नसतं. दुकानदाराकडे टॅली असतं. परवाना पुन्हा सक्रिय करायचा तर नोंदणी कोणत्या ईमेलवर केली होती ते आठवावं लागतं. एखाद्या जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर कंपनीनं साइटवरून केव्हाच काढलेला असतो. तुमचा अर्धा तास तिथं आठवड्याचा होतो.

अ‍ॅडमिन : म्हणजे ग्राहकानं नोंदी नीट ठेवल्या नाहीत, याची किंमत तुम्ही मोजता.

दुरुस्तीकार : कोणीतरी मोजायलाच हवी. आणि बहुतेक वेळा ती फार नसते, कारण बिघाड डेटाचा नसून पत्त्याचा असतो.

विंडोजच्या परवान्याची भीती इथेच दूर केलेली बरी. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. केवळ डिस्क बदलल्याने तो जात नाही. म्हणून ‘परवाना जाईल’ हा मुद्दा कोणत्याच बाजूच्या उपयोगाचा नाही.

‘पत्त्याचा बिघाड’ म्हणजे काय, हे कळण्यासाठी संगणक सुरू होताना घडणाऱ्या गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे बायॉसमध्ये, डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचला जातो. त्यातले पहिले ४४६ बाइट मुख्यतः सुरुवातीच्या कोडसाठी, पुढचे ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी असतात. हा मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर, १९८३ च्या पीसी डॉस २.० पासून चालत आला आहे. त्यातच चार बाइटांची ‘डिस्क सिग्नेचर’ दडलेली असते आणि पुढे बरेचसे घोटाळे तिच्याभोवती होतात.

नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, फर्मवेअर पहिल्या सेक्टरवर विसंबत नाही. बूट कशावरून करायचे याच्या नोंदी मदरबोर्डवरच्या स्मृतीत असतात. अमुक ओळखीच्या पार्टिशनवरची अमुक फाइल सुरू करा, असे त्या नोंदी सांगतात. ते पार्टिशन ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ या नावाने ओळखले जाते. ते एफएटी३२ प्रकारचे, बहुधा १०० मेगाबाइटच्या आसपासचे असते आणि वापरणाऱ्याला एरवी दिसतही नाही. त्यात विंडोज बूट मॅनेजर असतो. तो ‘बीसीडी’ नावाची नोंदवही वाचतो, तिच्यातून विंडोज कोणत्या पार्टिशनवर आहे ते शोधतो आणि विनलोड या प्रोग्रॅमला पाचारण करतो. विनलोड कर्नल आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर स्मृतीत चढवतो. त्यानंतर डिस्क वाचण्याचे काम फर्मवेअरकडून विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे येते.

या साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या कडीला ओळख क्रमांकावरून शोधते. क्लोन करताना डेटा हलतो. क्रमांक मात्र काही ठिकाणी जुनेच राहतात, काही ठिकाणी बदलतात. मदरबोर्डवरची नोंद तर डिस्कवर नसतेच, त्यामुळे ती क्लोनबरोबर येण्याचा प्रश्नच नाही. क्लोन शंभर टक्के यशस्वी होऊनही संगणक सुरू न होण्याचे रहस्य बहुतेक वेळा एवढेच असते.

दुरुस्तीकार : म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, नेमकं किती पुढं जाऊन थांबलं? काळ्या पडद्यावर साधी ओळ आली तर फर्मवेअरलाच काही सापडलेलं नाही. निळ्या पार्श्वभूमीवर ‘रिकव्हरी’ असा मथळा, खाली ‘सी’नं सुरू होणारा कोड आणि बीसीडी किंवा विनलोडचं नाव आलं, तर बूट मॅनेजरपर्यंत गाडं पोचलंय. फिरणारे ठिपके दिसले आणि मग ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं, तर कर्नल उठलाय. त्याला डिस्क वाचता येत नाही. आणि लॉगिन होऊन पुढं काळा पडदा राहिला, तर बूटचा प्रश्न संपला, गोंधळ ड्राइव्हच्या अक्षरांचा आहे.

अ‍ॅडमिन : कागदावर हे छान दिसतं. पण ‘आवश्यक डिव्हाइस जोडलेलं नाही’ असं सांगणारा तो सी००००००ई कोड घ्या. बीसीडीत चुकीचा क्रमांक असला तरी तो येतो आणि डिस्क खरोखर सैल बसली असली तरी तोच येतो. कोडवरून कारण ठरत नाही.

दुरुस्तीकार : कारण ठरत नाही, टप्पा ठरतो. टप्पा ठरला की तपासायच्या गोष्टी दोन-तीनच उरतात. टप्पा न ठरवता इंटरनेटवरच्या दहा आज्ञा एकामागून एक मारल्या, तर सुटण्यासारखा गुंता पक्का होतो.

पहिला टप्पा डिस्क दिसण्याचा. इथे फार रेंगाळण्याचे कारण नाही, पण तो वगळताही येत नाही. फर्मवेअरच्या मेन्यूत नव्या डिस्कचे नावच नसेल, तर सिस्टिमच्या दुरुस्तीला अर्थ नाही. एम डॉट टू आकाराच्या एसएसडी दोन जातींच्या येतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला सारख्या असल्या तरी फक्त एनव्हीएमई चालवणाऱ्या खाचेत साटा जातीची पट्टी बसवली, तर ती बसते आणि दिसत नाही.

याच टप्प्यावर एक कमी परिचित अडचण येते. काही यूएसबी केसिंग आणि डॉक मोठ्या डिस्कचे सेक्टर संगणकाला ४०९६ बाइटांचे असल्याचे भासवतात. अशा केसिंगमधून केलेला क्लोन डिस्क थेट बोर्डाला जोडताच निरुपयोगी ठरतो, कारण तिथे तीच डिस्क ५१२ बाइटांचे सेक्टर दाखवते आणि पार्टिशनचा तक्ता अपेक्षित जागी सापडत नाही. यावर दुरुस्ती नाही. दोन्ही डिस्क थेट जोडून किंवा दुसऱ्या केसिंगमधून क्लोन पुन्हा करावा. एमबीआरच्या जागी आलेल्या जीपीटी पद्धतीच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. मोठ्या डिस्कवर सेक्टर-दर-सेक्टर क्लोन केला की ती प्रत मधेच अडकून राहते. त्याने बूट सहसा अडत नाही, पण पार्टिशन वाढवण्यापूर्वी तिला शेवटी हलवावे लागते.

डिस्क दिसते आणि तरी ‘बूटेबल’ काही नाही, हा दुसरा टप्पा. बहुसंख्य तक्रारी इथल्याच.

अ‍ॅडमिन : इथं तरी तुम्ही मान्य कराल की लोक फक्त सी ड्राइव्ह क्लोन करतात आणि ईएफआय पार्टिशन मागं राहतं. पायाच नसलेल्या गोष्टीची दुरुस्ती काय करणार?

दुरुस्तीकार : पाया नवा घालता येतो. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, डिस्कपार्टमध्ये जाऊन एफएटी३२ चं छोटं पार्टिशन शोधायचं आणि त्याला एस हे अक्षर द्यायचं. नसेलच तर सी थोडा आखडून २६० मेगाबाइटचं नवं ईएफआय पार्टिशन करायचं. मग एकच आज्ञा : बीसीडीबूट. तिला विंडोजचं फोल्डर सांगायचं, एस हे ठिकाण सांगायचं आणि प्रकार यूईएफआय सांगायचा. बूटच्या सगळ्या फाइली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणखी एक प्रत म्हणून असतातच. ही आज्ञा त्या तिथून उचलते आणि बीसीडी कोरी लिहिते. दहा मिनिटांचं काम आहे.

अ‍ॅडमिन : आणि मदरबोर्डवरची नोंद?

दुरुस्तीकार : ती फर्मवेअरच्या मेन्यूत बघायची. विंडोज बूट मॅनेजर यादीत असेल तर त्याला वर आणायचं. नसेल तरी फारसं बिघडत नाही. यूईएफआयनं एक ठरलेली पर्यायी जागा राखून ठेवली आहे, ईएफआय फोल्डरमधलं बूट नावाचं फोल्डर. नोंद नसली की फर्मवेअर तिथली फाइल शोधतं.

दुरुस्तीकाराने सांगितलेल्या कृतीत एक सावधगिरी जोडायला हवी. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरे नेहमीसारखी असतीलच असे नाही. एरवीचा सी तिथे डी किंवा ई असू शकतो. आज्ञा देण्याआधी विंडोजचे फोल्डर कोणत्या अक्षराखाली आहे ते उघडून पाहावे. दुसरे असे की, सर्वत्र सुचवल्या जाणाऱ्या बूटरेकच्या ‘फिक्सएमबीआर’ आणि ‘फिक्सबूट’ या आज्ञा मुळात बायॉस पद्धतीच्या डिस्कसाठी आहेत. यूईएफआय संगणकावर पहिलीचा उपयोग नाही आणि दुसरी अनेकदा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून परत येते. तो नकार दूर कसा करावा यावर लोक तासन्‌तास घालवतात. तो वेळ बहुधा वायाच जातो; नकार दूर झाला तरी सहसा हाती फारसे काही लागत नाही.

बायॉस आणि यूईएफआय यांची गल्लत हे या टप्प्यावरचे आणखी एक कारण. जुनी सिस्टिम एमबीआर डिस्कवर असेल आणि नव्या यंत्राचे फर्मवेअर फक्त यूईएफआय जाणत असेल, तर क्लोन कितीही बिनचूक असला तरी उठणार नाही. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोजबरोबरच येते. ते डेटा न पुसता तक्ता बदलते आणि ईएफआय पार्टिशनही तयार करते. ते चालवल्यावर फर्मवेअर यूईएफआयवर नेणे विसरू नये.

तिसरा टप्पा बीसीडीचा. तिथला सर्वांत चिवट घोटाळा क्लोननंतर दोन्ही डिस्क जोडून ठेवल्याने होतो.

दुरुस्तीकार : हा मात्र लोक स्वतः ओढवून घेतात. क्लोन झाला की दोन्ही डिस्कची सिग्नेचर एकच असते. विंडोजला एकाच ओळखीच्या दोन डिस्क चालत नाहीत, म्हणून ते एक डिस्क ऑफलाइन ठेवतं. माणूस डिस्क मॅनेजमेंट उघडतो, त्याला ती ऑफलाइन दिसते आणि तो उजवी कळ दाबून ‘ऑनलाइन’ करतो. त्याच क्षणी विंडोज त्या डिस्कवर नवी सिग्नेचर लिहितं. तिच्यावरच्या बीसीडीत मात्र जुनीच असते. आता ती डिस्क एकटी लावली की बूट मॅनेजर न सापडणाऱ्या क्रमांकाच्या मागं लागतो, आणि तुमचा सी००००००ई समोर येतो.

अ‍ॅडमिन : हे मीही पाहिलंय. म्हणून तर मी म्हणतो, क्लोनच नको.

दुरुस्तीकार : क्लोन नको असं नाही, क्लोन झाल्यावर संगणक पूर्ण बंद करा, जुनी डिस्क काढा आणि पहिल्यांदा नवी एकटीच सुरू करा. एवढी शिस्त पाळली की हा घोटाळा होतच नाही.

विंडोजच्या अंतर्रचनेचे अभ्यासक मार्क रुसिनोविच यांनी सिग्नेचरच्या या टकरीचे सविस्तर विवेचन केले आहे आणि तिचा उपायही दोन प्रकारचा आहे : डिस्कवर जुनी सिग्नेचर परत लिहिणे किंवा बीसीडी नव्याने करणे. दुसरा मार्ग सोपा, कारण वर सांगितलेली बीसीडीबूटची आज्ञाच तिथे पुरते. पहिल्या बूटला दोन्ही डिस्क जोडलेल्या असण्याचा आणखी एक परिणाम, विशेषतः जुन्या विंडोजमध्ये, लॉगिननंतर दिसतो. कोणते अक्षर कोणत्या पार्टिशनचे, याची यादी विंडोज रजिस्ट्रीतल्या ‘माउंटेडडिव्हायसेस’ या भागात ठेवते. त्यात सी हे अक्षर जुन्या डिस्कच्या नावे राहिले, तर नव्या डिस्कवरची सिस्टिम अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे पाहू लागते आणि वापरकर्त्याचे प्रोफाइल नीट उघडत नाही. त्या यादीतल्या नोंदी बाहेरून काढून टाकल्या की पुढच्या वेळी विंडोज ती नव्याने तयार करते.

चौथा टप्पा ड्रायव्हरचा. दोन्ही पक्षांत खरा वाद इथे आहे.

अ‍ॅडमिन : साटा हार्ड डिस्कवरून एनव्हीएमईवर गेलात की नियंत्रकच बदलतो. जुन्या सिस्टिमनं आयुष्यात एनव्हीएमई पाहिलेली नसते. विंडोज ७ ला तर वेगळा पॅच दिल्याशिवाय ती ओळखताच येत नाही. विंडोजमध्ये तो ड्रायव्हर अंगभूत आला तो २०१३ च्या ८.१ पासून. सिस्टिम नव्याने टाकताना इन्स्टॉलर समोरचं हार्डवेअर बघून ड्रायव्हर निवडतो. क्लोनमध्ये ती सोय नाही.

दुरुस्तीकार : विंडोज १० आणि ११ मध्ये ड्रायव्हर असतो, फक्त झोपलेला असतो. सुरुवातीला न लागणारे स्टोरेज ड्रायव्हर विंडोज मागं ठेवून देतं. त्याला उठवायचा मार्ग आहे सेफ मोड. रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवरून बीसीडीएडिटनं ‘सेफबूट मिनिमल’ लावायचं आणि संगणक सुरू करायचा. सेफ मोडमध्ये विंडोज सगळे मूलभूत ड्रायव्हर चाचपून बघतं, समोर एनव्हीएमई दिसते, आणि तो ड्रायव्हर कायमचा सुरुवातीच्या यादीत जातो. मग ते सेफबूट काढून टाकायचं. फर्मवेअरमध्ये रेड आणि एएचसीआय यांची अदलाबदल झाली असेल तरीही हाच इलाज.

अ‍ॅडमिन : आणि इंटेलच्या व्हीएमडीचं काय? अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपांत एनव्हीएमई त्या पडद्यामागं असते.

दुरुस्तीकार : तिथं तर तुमच्याच मार्गाला जास्त खीळ बसते. कोरा इन्स्टॉलर त्या लॅपटॉपवर डिस्कच दाखवत नाही. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर वेगळा द्यावा लागतो किंवा फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करावं लागतं. त्याच लॅपटॉपची डिस्क बदलून क्लोन केला तर व्हीएमडीचा ड्रायव्हर सिस्टिममध्ये आधीपासून बसलेला असतो.

दुरुस्तीकाराचा हा मुद्दा वजनदार आहे, पण त्याची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. तो लागू पडतो यंत्र तेच असेल तेव्हा. जुन्या लॅपटॉपमधली सिस्टिम वेगळ्या पिढीच्या नव्या लॅपटॉपमध्ये नेली, तर ड्रायव्हरांचा सगळा संचच बदलतो आणि अ‍ॅडमिनचे म्हणणे अधिक बळकट होते.

लिनक्समध्ये साखळी तीच, नावे वेगळी. तिथे बूट मॅनेजरच्या जागी बहुधा ग्रब असतो आणि क्रमांकांची नोंद ‘एफएसटॅब’ या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. डीडीने अख्खी डिस्क उतरवली तर यूयूआयडी हे ओळख क्रमांक तसेच राहतात. आरसिंकने नव्या फाइल सिस्टिमवर फाइली नेल्या तर ते बदलतात आणि सिस्टिम न सापडणाऱ्या यूयूआयडीची वाट पाहत बसते; सिस्टिमडी अशी वाट एरवी ९० सेकंद पाहते आणि मग आणीबाणीच्या मोडमध्ये नेऊन सोडते.

अ‍ॅडमिन : लिनक्सच्या बाबतीत मात्र मी दुरुस्तीच्या बाजूला येतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, मूळ पार्टिशन आणि ईएफआय पार्टिशन माउंट करायचं, क्रूटनं आत शिरायचं, बीएलकेआयडीनं खरे क्रमांक बघून एफएसटॅब सुधारायचं, मग इनिटरॅमएफएस आणि ग्रबची मांडणी पुन्हा करायची. काहीही लपलेलं नसतं, प्रत्येक गोष्ट वाचून बघता येते.

दुरुस्तीकार : फक्त सगळ्या वितरणांना एकच कृती लावू नका. डेबियनचं इनिटरॅमएफएस सहसा बहुतेक ड्रायव्हर सोबत बाळगतं, त्यामुळे एनव्हीएमईवर गेलं तरी अडत नाही. फेडोराचं फक्त समोरच्या यंत्रापुरतं बनवलेलं असतं. साटावरून एनव्हीएमईवर नेलं की ते अडू शकतं. अशा वेळी मेन्यूतली ‘रेस्क्यू’ नोंद वापरायची, तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात, आणि आत गेल्यावर ड्रॅकटनं ते पुन्हा बनवायचं.

बीटीआरएफएस फाइल सिस्टिमची डिस्क सेक्टर-दर-सेक्टर क्लोन केली असेल, तर मूळ आणि क्लोन एकाच वेळी जोडून माउंट करू नयेत. ती फाइल सिस्टिम सदस्य डिस्क यूयूआयडीवरून ओळखते. दोन्ही सारख्याच दिसल्याने डेटाच बिघडू शकतो आणि ते नुकसान कोणत्याही आज्ञेने भरून निघत नाही.

बिटलॉकरबद्दल दोन्ही पक्षांचे एकमत आहे आणि ते तातडीचे आहे. फर्मवेअरच्या मांडणीतला किंवा बूटच्या फाइलींतला बदल दिसला की टीपीएम ही सुरक्षा चिप कूटबद्ध डिस्कची चावी देणे थांबवते आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. त्यामुळे आपल्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे हेच पुष्कळांना माहीत नसते. ही की सहसा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. क्लोन करण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी आणि संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. की नसेल तर डेटा वाचवण्याचा मार्ग ना दुरुस्तीकाराकडे आहे, ना अ‍ॅडमिनकडे.

अ‍ॅडमिन : आता तुम्ही सांगा. फॉरमॅट कधी मारता?

दुरुस्तीकार : तीन वेळा हात टेकतो. पहिली वेळ, जुनी डिस्कच मरायला लागलेली असेल तेव्हा. स्मार्ट अहवालात पेंडिंग सेक्टर वाढत असतील, तर क्लोनमध्येही सिस्टिमच्या फाइली तुटक्याच आलेल्या असतात. एसएफसी आणि डिझमनं काही सुधारतात, सगळ्या नाही. अशा डिस्कवरून मी आधी जीएनयू डीडीरेस्क्यूनं डेटा काढतो, कारण ते वाचता न येणाऱ्या जागांची नोंद ठेवून त्यांच्याकडे नंतर वळतं, आणि सिस्टिम नव्यानं टाकतो. दुसरी वेळ, ३२ बिटांचं विंडोज असेल आणि नवं यंत्र फक्त ६४ बिटांच्या यूईएफआयचं असेल तेव्हा. तिथं पूल बांधताच येत नाही. तिसरी, मशीनमध्ये व्हायरस असल्याची शंका असेल तेव्हा.

अ‍ॅडमिन : मी चौथी जोडतो. चारही टप्पे तपासून झाले आणि तरी कारण कळलं नाही, तर तिथं थांबायचं. कारण न कळता चुकून सुरू झालेल्या सिस्टिमवर कोणाचं काम सोपवू नये.

दुरुस्तीकार : हे मान्य. पण चारही टप्पे तपासून झाल्यावर. त्याआधी नाही.

दोघांच्या म्हणण्याचा निवाडा यंत्र कोणाचे आहे यावरून करावा लागतो. कार्यालयात ठरलेले सॉफ्टवेअर, सर्व्हरवर असलेला डेटा आणि तयार इमेज हाताशी असते; तिथे अ‍ॅडमिनची पद्धत स्वस्त आणि खात्रीची आहे. घरच्या किंवा छोट्या दुकानातल्या एकट्या संगणकावर सारे काही त्या एका डिस्कवरच असते. तिथे दुरुस्तीकाराचा क्रम आधी पाळावा आणि फॉरमॅट शेवटी ठेवावा. ‘क्लोन बूट झाला नाही’ एवढ्या एका वाक्यावर फॉरमॅट सुचवणारा सल्ला मात्र दोन्ही ठिकाणी घाईचा आहे.

संगणक सुरू झाल्यावरही एक तपासणी उरते आणि ती बहुधा राहून जाते. क्लोन करताना रिकव्हरी पार्टिशनची जागा बदललेली असू शकते, किंवा सी वाढवण्यासाठी ते पुसलेले असू शकते. प्रशासकाच्या अधिकारांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून रीएजंटसीची माहिती दाखवणारी आज्ञा द्यावी. विंडोज आरई, म्हणजे विंडोजची रिकव्हरी व्यवस्था, ‘डिसेबल्ड’ दिसले तर ते त्याच साधनाने पुन्हा चालू करून घ्यावे, कारण पुढच्या वेळी दुरुस्तीची सगळी दारे तिथूनच उघडतात. ते होईपर्यंत, आणि नवी डिस्क एकटीने रोजचे काम काही दिवस सुरळीत करीपर्यंत, जुनी डिस्क पुसू नये, विकू नये आणि कोणालाही वापरायला देऊ नये.